पेशीच्या दारावरची कडी

जुन्या वाड्यांच्या दिंडी दरवाजाला एक लोखंडी कडी असे. बाहेरून आलेला माणूस ती वाजवी आणि आत माजघरात बसलेल्यांना कळे की कोणी आले आहे. पाहुणा अजून दारातच उभा असतो. आत जातो तो फक्त कडीचा आवाज. पण तेवढ्यावर घर हलते. कोणी चुलीवर आधण ठेवते, कोणी पाट मांडते, कोणी पोराला दुकानावर पिटाळते. आपल्या शरीरातील अब्जावधी पेशींचा व्यवहार बराचसा असाच चालतो. प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पटल असते आणि त्या पटलावर अशा असंख्य कड्या बसविलेल्या असतात. शास्त्रज्ञ त्यांना ग्राही म्हणतात. डॉक्टरांच्या तोंडी शब्द येतो तो रिसेप्टर. रक्तातून किंवा शेजारच्या पेशीकडून आलेला निरोप्या बाहेरूनच कडी वाजवतो आणि आत पेशी कामाला लागते. वाढायचे की थांबायचे, एकीच्या दोन व्हायचे की नाही, हे पुष्कळदा या कडीच्या आवाजावर ठरते.

अशाच एका कडीचा इतिहास मी आज सांगणार आहे. मी पेशाने मास्तर आणि हौसेने कादंबरीकार. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिकपर्यंतचे. तेव्हा वैद्यकावर लिहिण्याचा तुझा अधिकार काय, असे कोणी विचारील. अधिकार नाही, निमित्त मात्र आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेतल्या एक शिक्षिका तपासणीचा कागद घेऊन माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "सर, तुम्ही पुष्कळ वाचता. हे हर-टू पॉझिटिव्ह म्हणजे काय हो? डॉक्टरांनी सांगितले, पण त्या वेळी माझे चित्त ठिकाणावर नव्हते." त्या प्रश्नापायी मी वाचू लागलो आणि वाचता वाचता लक्षात आले की, त्या कागदावरच्या दोन शब्दांमागे शंभर वर्षांचा इतिहास उभा आहे. त्यात कोंबड्या आहेत, उंदीर आहेत, युद्धातून निसटलेली एक विदुषी आहे, ओठांची लाली विकणारी एक कंपनी आहे आणि आपल्या मुंबईचाही एक धागा आहे.

प्रारंभ करावा लागतो तो जर्मनीतील पाउल एर्लिख या गृहस्थापासून. १८५४ साली जन्मलेल्या या माणसाला विद्यार्थिदशेपासून रंगांचे वेड होते. कापड रंगविण्याचे नवे रासायनिक रंग तो शरीरातील पेशींवर घालून पाही. एक रंग एकाच जातीच्या पेशीला धरतो आणि शेजारच्या पेशीला शिवत नाही, असे त्याला दिसे. असे का व्हावे? पेशीवर काहीतरी असले पाहिजे, की जे ठराविक द्रव्यालाच पकडते. १८९७ मध्ये त्याने आपली कल्पना मांडली. पेशीला बाजूच्या साखळ्या असतात, विष आले की ते त्या साखळीत अडकते, मग पेशी तसल्याच साखळ्या गरजेपेक्षा जास्त तयार करते आणि त्या सुटून रक्तात फिरू लागतात. रक्तात फिरणाऱ्या या साखळ्या म्हणजेच प्रतिपिंडे, असे त्याचे म्हणणे. पुढे १९०० च्या सुमारास या साखळ्यांना त्याने ग्राही हे नाव दिले.

इकडे केंब्रिजमध्ये जॉन लँगली हा शरीरशास्त्रज्ञ निकोटीन आणि क्युरारे ही दोन विषे स्नायूंवर घालून पाहत होता. एक विष स्नायूला आकसवते, दुसरे तोच परिणाम रोखते. दोघांची झटापट एकाच जागेसाठी चालली असावी, असे त्याने अनुमान काढले आणि १९०५ मध्ये स्नायूत एखादे ग्रहणक्षम द्रव्य असले पाहिजे असे लिहिले. एर्लिखला १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पण कडी कोणी डोळ्यांनी पाहिली नव्हती. कित्येक वर्षे ग्राही हा केवळ तर्क होता. अनेक विद्वान त्याला कविकल्पना समजत.

या कल्पनेला देह मिळाला तो दुसऱ्याच वाटेने. इटलीत १९३८ साली ज्यूंविरुद्ध कायदे झाले आणि रीता लेव्ही-मोंटाल्चिनी या तरुण ज्यू डॉक्टरणीला विद्यापीठाचे दार बंद झाले. तिने तुरिनमधल्या घरी, आपल्या निजायच्या खोलीतच, प्रयोगशाळा थाटली. साहित्य काय, तर कोंबडीची अंडी. अंड्यातल्या पिलाच्या मज्जातंतूंची वाढ कशी होते ते ती पाहत बसे. युद्ध संपल्यावर, १९४७ साली, ती अमेरिकेत सेंट लुईसला गेली. तेथे तिने दाखवून दिले की, मज्जातंतूंना वाढ असा निरोप देणारे एक द्रव्य शरीरात असते. ते द्रव्य शुद्ध करून हाती देण्यासाठी १९५३ मध्ये स्टॅन्ली कोहेन हा रसायनज्ञ तिला येऊन मिळाला.

उंदरांच्या लाळेच्या ग्रंथींत हे द्रव्य मुबलक मिळते असे आढळले. कोहेन त्या ग्रंथींचा अर्क नवजात पिलांना टोचून पाहत होता, तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट त्याच्या नजरेस आली. उंदराच्या पिलाचे डोळे साधारणपणे तेराव्या-चौदाव्या दिवशी उघडतात. या पिलांचे सातव्या दिवशीच उघडले. दातही लवकर फुटले. मज्जातंतूंच्या द्रव्याचा याच्याशी संबंध नव्हता. अर्कात दुसरेच काहीतरी होते. दुसरा एखादा म्हणाला असता, अर्क अशुद्ध आहे, टाकून द्या. कोहेनने तसे केले नाही. त्या अशुद्धतेचाच त्याने पाठपुरावा केला आणि १९६२ मध्ये त्वचेच्या पेशींना वाढीचा निरोप देणारे ते द्रव्य वेगळे काढले. शास्त्रज्ञ त्याला ईजीएफ म्हणतात. पापणीची त्वचा लवकर वाढून पक्व झाली, म्हणून डोळे लवकर उघडले होते.

निरोप्या हाती लागला, आता कडी शोधायची होती. सत्तरच्या दशकात कोहेन आणि ग्रॅहॅम कार्पेंटर यांनी ईजीएफला किरणोत्सर्गी आयोडीनची खूण लावून ते पेशीवर नेमके कोठे बसते ते शोधले. पेशीच्या पटलावरच एक मोठे प्रथिन सापडले. त्याचा एक भाग पटलाबाहेर, एक धागा पटलातून आरपार आणि एक भाग आत. बाहेर निरोप्या येऊन चिकटला की आतला भाग जागा होतो आणि जवळच्या प्रथिनांवर फॉस्फेटचा टिळा लावू लागतो. टिळा लागलेले प्रथिन पुढच्याला जागे करते आणि अशी ही वर्दी पेशीच्या गाभ्यापर्यंत पोचते. १९८० च्या सुमारास हे सारे स्पष्ट झाले. एर्लिखची साखळी आता तर्क राहिली नव्हती. १९८६ चे नोबेल पारितोषिक लेव्ही-मोंटाल्चिनी आणि कोहेन यांना विभागून मिळाले. रीताबाई पुढे १०३ वर्षे जगल्या. २०१२ मध्ये त्या वारल्या.

निरोगी शरीरात ही व्यवस्था किती शहाणपणाची आहे पाहा. बोट कापले की जखमेच्या कडेच्या पेशींना निरोप मिळतो, त्या वाढतात, जखम भरते आणि निरोप थांबतो. कडी वाजायची थांबली की घर पुन्हा निवांत. पण कडी बिघडली तर? कोणी बाहेर नसताना ती रात्रंदिवस वाजत राहिली तर? आतली बिचारी माणसे आधणावर आधण ठेवीत राहतील. कर्करोगाच्या पुष्कळ प्रकारांत घडते ते हेच. ही गोष्ट शास्त्रज्ञांच्या ध्यानात आली तीही तीन पायऱ्यांनी, आणि प्रत्येक पायरीवर एकेक प्राणी उभा आहे.

पहिली पायरी कोंबडीची. कोंबड्यांना रक्ताचा कर्करोग करणारा एक विषाणू पूर्वीपासून माहीत होता. १९८४ मध्ये लंडनच्या मायकेल वॉटरफिल्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, या विषाणूने कोंबडीच्या पेशीतून पूर्वी केव्हातरी ईजीएफच्या कडीचेच जनुक पळविलेले आहे आणि पळविताना त्याचा बाहेरचा भाग तोडून टाकला आहे. म्हणजे कडी मोडली, पण आतली घंटा घणघणतच राहिली.

दुसरी पायरी उंदराची, आणि येथे आपल्या मुंबईचा धागा येतो. बोस्टनजवळ केंब्रिज येथील एमआयटी या संस्थेत रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत लक्ष्मीचरण पाढी हे मुंबईहून गेलेले तरुण संशोधक काम करीत होते. गाभण उंदरिणींना एक रसायन टोचले की त्यांच्या पिलांना मज्जासंस्थेच्या गाठी होतात. त्या गाठींतील डीएनए निरोगी पेशींत घातला तर त्याही बेबंद वाढू लागतात. पाढी आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केले की, अशा पेशींत एक विशिष्ट प्रथिन दिसते आणि त्याला धरणारी प्रतिपिंडे मिळतात. त्या जनुकाचे नाव पडले न्यू. पुढे कळले की हे प्रथिन म्हणजे ईजीएफच्या कडीचेच भावंड आहे. १९८६ मध्ये कोर्नेलिया बार्गमन आणि सहकाऱ्यांना त्यातला बिघड सापडला. हजाराहून अधिक मण्यांच्या त्या माळेत अवघा एक मणी बदलला होता, आणि तेवढ्याने कडी कायमची वाजू लागली होती.

येथे इतिहासात एक चुटपूट लावणारी जागा आहे. हे प्रथिन पेशीच्या बाहेर डोके काढून उभे होते आणि त्याला पकडणारी प्रतिपिंडे प्रयोगशाळेच्या शीतपेटीत होती. ती गाठीवर टाकून पाहावी, असे त्या वेळी तेथे कोणाच्या मनात आले नाही. ही गोष्ट वाइनबर्ग यांनी पुढे स्वतःच सांगितली आहे. जवळच हार्वर्डमध्ये जेफ्री ड्रेबिन आणि मार्क ग्रीन यांनी मात्र ते करून पाहिले. १९८५ मध्ये त्यांनी दाखविले की न्यूवर बसणारे प्रतिपिंड घातले की बेफाम पेशी ताळ्यावर येतात. कथा-कादंबऱ्यांत आपण योगायोग फार वापरतो म्हणून टीकाकार आमच्यावर रागावतात. विज्ञानाच्या इतिहासात हाताशी असलेली वस्तू न दिसण्याचे योगायोगही तितकेच आहेत.

तिसरी पायरी माणसाची. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातील जेनेंटेक कंपनीत ॲक्सेल उल्रिख आणि त्यांच्या सहकाऱ्यांना माणसातले हेच जनुक सापडले. त्याच सुमारास आणखी काही प्रयोगशाळांनाही ते मिळाले. त्याचे नाव पडले हर-टू. उल्रिख यांच्या हाती जनुक होते, पण ते कोणत्या रोगात बिघडते हे ठाऊक नव्हते. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातील डेनिस स्लेमन या डॉक्टरांकडे शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठींचे नमुने जपून ठेवलेले होते, पण त्यांत काय शोधावे हे ठाऊक नव्हते. दोघे एकत्र आले. १९८७ मध्ये त्यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या १८९ गाठींचा हिशेब मांडला. सुमारे ३० टक्के गाठींत हर-टू जनुकाच्या दोन प्रतींऐवजी अनेक प्रती होत्या, कधी वीसपटीहूनही जास्त. आणि ज्या स्त्रियांच्या गाठीत त्या होत्या, त्यांचा रोग लवकर उलटत होता व आयुष्य लवकर संपत होते. पुढच्या मोठ्या पाहण्यांत हे प्रमाण १५ ते २० टक्के भरले.

कोंबडीत कडी मोडली होती, उंदरात एक मणी बदलला होता. माणसात कडी जशीच्या तशी होती, फक्त संख्येने बेसुमार. निरोगी पेशीवर हर-टूच्या कड्या त्यामानाने थोड्याच असतात, तर अशा गाठीतल्या पेशीवर त्या वीस लाखांपर्यंत जातात. या कडीचे आणखी एक वैशिष्ट्य असे की, तिला वाजविणारा स्वतःचा निरोप्याच नाही. ती चार भावंडांतली एक. जोडीला दुसरी कडी आली की दोघी मिळून आत वर्दी देतात. दारावर वीस लाखांची दाटी झाली की त्या एकमेकींवर आपटून आपोआपच वाजू लागतात. आमच्या शिक्षिकाबाईंच्या कागदावरच्या दोन शब्दांचा अर्थ एवढाच होता.

अर्थ कळला म्हणजे उपाय सुचतोच असे नाही. येथे मात्र सुचला. कडीच धरून ठेवायची. प्रतिपिंडे हवी तशी बनविण्याची युक्ती केंब्रिजमध्ये कोहलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये शोधली होती. जेनेंटेकमध्ये मायकेल शेपर्ड आणि सहकाऱ्यांनी हर-टूला धरणारे उंदराचे प्रतिपिंड तयार केले. पण उंदराचे प्रथिन माणसाचे शरीर फार काळ खपवून घेत नाही. तेव्हा पॉल कार्टर यांनी त्याची फक्त पकड उंदराची ठेवली आणि बाकीचे अंग माणसाचे केले. ट्रास्टुझुमाब, बाजारात हरसेप्टिन, ते हेच. कंपनीचा उत्साह मधूनमधून मावळे, आणि स्लेमन यांच्या संशोधनाला १९८९ पासून पैसा आला तो रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीकडून. बायकांच्या ओठांच्या लालीतून बायकांच्या औषधाला हातभार लागावा, हे मला मोठे उचित वाटते.

औषध अजून परीक्षेत होते तेव्हाच त्याची वार्ता रुग्णांच्या कानी गेली. सॅन फ्रान्सिस्को परिसरातील एका डॉक्टरबाईंना हा रोग होता. त्यांच्यासाठी औषध मागितले गेले. ते मिळाले नाही आणि त्या वारल्या. १९९४ च्या डिसेंबरात त्यांच्या मैत्रिणींनी मोटारींची अंत्ययात्रा काढली आणि ती थेट कंपनीच्या आवारातून नेली. एका बाजूने पाहिले तर कंपनीचेही म्हणणे होते: औषध थोडे आहे आणि ते परीक्षेत गुण देते की नाही हे ठरल्याखेरीज वाटता येत नाही. दुसऱ्या बाजूला ज्यांच्याजवळ वेळच नाही अशा बायका उभ्या होत्या. पुढे १९९५ मध्ये परीक्षेबाहेरच्या थोड्या स्त्रियांना चिठ्ठ्या टाकून औषध देण्याची सोय झाली. कोणाच्या नावाची चिठ्ठी निघते यावर आयुष्य अवलंबून, ही कल्पनाच अंगावर काटा आणते. पण ज्या स्त्रियांनी मोटारी नेल्या त्यांनी तेवढे तरी पदरात पाडून घेतले.

परीक्षेचा निकाल लागला. रोग शरीरात पसरलेल्या ४६९ स्त्रियांपैकी निम्म्यांना नेहमीच्या औषधांबरोबर हे नवे औषध दिले होते. त्यांचे मध्यम आयुर्मान २०.३ महिन्यांवरून २५.१ महिन्यांवर गेले. पाच महिने! आकडा लहान दिसतो. पण ज्या घरात मुलीचे लग्न ठरले आहे किंवा मुलाची परीक्षा तोंडावर आहे, त्या घराला पाच महिन्यांची किंमत विचारावी. सप्टेंबर १९९८ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. खरा प्रकाश पडला २००५ साली. रोग पसरण्यापूर्वी, शस्त्रक्रियेनंतर लगेच हे औषध वर्षभर दिले तर रोग उलटण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येते, असे मोठ्या परीक्षांत आढळले. म्हणजे जिथे पाच महिने मिळत होते तिथे, वेळेवर आलेल्या कित्येकींना, पुढचे सगळे आयुष्य मिळू लागले.

परंतु कडी म्हणजे केवळ शत्रू नव्हे, हे विसरून चालणार नाही. या औषधाबरोबर जुन्या जातीची काही तीव्र औषधे दिली तेव्हा चारांतल्या एका स्त्रीचे हृदय दुबळे झालेले दिसले. असे का? याचे उत्तर पुन्हा उंदरांनी दिले. १९९५ मध्ये शास्त्रज्ञांनी हर-टूचे जनुक अजिबात नसलेले उंदीर तयार करून पाहिले. ती पिले जन्मापूर्वीच मेली, कारण त्यांचे हृदय नीट घडलेच नव्हते. स्तनाच्या गाठीत जी कडी थैमान घालते, तीच हृदयाच्या पेशींना घडविते आणि ताणाच्या वेळी सांभाळते. म्हणून आज हे औषध चालू असताना डॉक्टर दर थोड्या महिन्यांनी हृदयाची तपासणी करतात. ती टाळू नये.

आता आपल्या देशाकडे वळू. भारतीय स्त्रियांत सर्वांत अधिक आढळणारा कर्करोग स्तनाचाच. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाची स्थापना १९४१ सालची. तेव्हा हर-टूचे नावही कोणाला ठाऊक नव्हते. औषध निघाल्यावरही वर्षानुवर्षे त्याची किंमत सामान्य घराच्या आवाक्याबाहेर राहिली. दागिने मोडून अर्धेच डोस घेतल्याच्या कहाण्या मी ऐकल्या आहेत. २०१३ मध्ये बंगळुरूच्या बायोकॉन कंपनीच्या त्याच धर्तीच्या औषधाला भारतात मान्यता मिळाली आणि २०१४ पासून ते बाजारात आले. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ट्रास्टुझुमाब अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातले. किंमत उतरली, तरी सर्वांच्या दाराशी ते पोचले आहे असे म्हणवत नाही.

२०१९ मध्ये शेपर्ड, स्लेमन आणि उल्रिख यांना लास्कर पारितोषिक मिळाले. ते योग्यच झाले. पण अशा यादीत लक्ष्मीचरण पाढींसारख्यांचे नाव येत नाही. पाढींनी नंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केले, आणि कुलाब्याच्या त्या संस्थेवरून जाणाऱ्या कितीजणांना ही गोष्ट माहीत असेल? इमारतीच्या कळसावर नाव कोरले जाते, पायातल्या दगडावर नाही. इतिहास सांगणाऱ्याने निदान पायातल्या दगडाचा उल्लेख करावा, म्हणून तो येथे केला.

एर्लिखच्या मनात आणखी एक स्वप्न होते: शरीरात सोडल्यावर फक्त रोगाला जाऊन लागणारी जादूची गोळी. २०१३ मध्ये अमेरिकेत मान्य झालेल्या एका औषधात ट्रास्टुझुमाबच्या अंगाला विषाचे कण बांधलेले आहेत. प्रतिपिंड कडी धरते, पेशी ते आत ओढून घेते आणि विष आत सुटते. एर्लिखने ग्राही आणि प्रतिपिंड यांची गाठ कागदावर घातली होती. तो १९१५ साली वारला. त्याच्या मागे जवळजवळ शंभर वर्षांनी ती गाठ औषधाच्या बाटलीत उतरली.

माझ्या वाचक भगिनींना जाता जाता एकच सांगायचे आहे. या सगळ्या विद्येचा उपयोग वेळेवर दार उघडणाऱ्यालाच होतो. आपल्याकडे अजून गाठ हाताला लागली तरी बाई बोलत नाही. लाज वाटते, घरचे काम असते, सणवार असतात. दिवाळी होऊ दे, मग पाहू, असे म्हणून ती फराळाच्या परातीशी बसते. गाठ लागली तर घरच्यांना सांगा, डॉक्टरांना दाखवा आणि कर्करोग निघालाच तर हर-टूची तपासणी झाली का, हे विचारा. प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. पुष्कळशा साध्याच निघतात. आणि पुरुषांनो, बायको किंवा आई बोलायला कचरते आहे असे दिसले तर तुम्ही विचारा. तिने पुढे ढकललेला प्रत्येक महिना रोगाच्या पदरात पडतो, आणि तो परत आणण्याचे औषध अजून कोणी शोधलेले नाही.